नायकाचा गुण हाच त्याचा दोष: ‘तोरादोरा’ वही घेऊन कशी बघावी

‘तोरादोरा’ या जपानी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेच्या, पहिल्याच भागात नायिका ताइगा मध्यरात्री लाकडी तलवार घेऊन वर्गमित्र र्‍युजीच्या घरात शिरते. तिनं एका मुलासाठी लिहिलेलं प्रेमपत्र चुकून र्‍युजीच्या दप्तरात गेलंय आणि ते परत मिळवायचंय. पाकीट उघडल्यावर कळतं की आत पत्रच नाही, गडबडीत ते घालायचंच राहिलं. तेवढ्यात भुकेनं तिला भोवळ येते. र्‍युजी काय करतो? स्वयंपाकघरात जातो आणि तिच्यासाठी चाहान करतो. चाहान म्हणजे कढईत परतलेला भात, आपल्या फोडणीच्या भाताचा जपानी नातेवाईक. ती वाडग्यामागून वाडगे संपवते.

एवढं बघून बहुतेक जण मनाशी ठरवून टाकतात की मुलगी बिघडलेली आहे, मुलगा समंजस आहे आणि आता पंचवीस भाग तो तिला सुधारणार. पहिल्यांदा बघताना मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा बघताना शेजारी वही ठेवली आणि तो समज पार कोसळला. सुधारायची गरज र्‍युजीलाही तितकीच आहे. फक्त त्याचा दोष चांगुलपणाच्या कपड्यात वावरतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. नायक आणि नायिका यांच्या वाढीचा तोल एखादी मालिका कसा सांभाळते हे शिकायचं असेल, तर मला ‘तोरादोरा’इतकी चांगली शाळा दुसरी माहीत नाही. ती वही कशी भरायची ते इथे सांगतोय. शेवटापर्यंतचं सगळं उघड होणार आहे, त्यामुळे मालिका बघितली नसेल तर आधी बघून या.

थोडी ओळख. युयुको ताकेमिया यांच्या लाइट नॉव्हेल (तरुण वाचकांसाठीच्या हलक्याफुलक्या सचित्र कादंबऱ्या) मालिकेचे मुख्य १० खंड २००६ ते २००९ या काळात आले. त्यावरची अ‍ॅनिमे ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ दरम्यान जपानी टीव्हीवर लागली. २५ भाग, स्टुडिओ जे. सी. स्टाफ, दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, पटकथेची बांधणी मारी ओकादा यांची. नावातच तोल आहे. ‘तोरा’ म्हणजे वाघ, आणि ‘दोरा’ हा ड्रॅगन या शब्दाच्या जपानी उच्चारातला पहिला तुकडा. ताइगा हे नाव ऐकायला टायगरसारखं, आणि र्‍युजी या नावातलं पहिलं अक्षर ड्रॅगनचं.

पायरी १: मिनिटं मोजू नका

तोल म्हटलं की आपण घड्याळ बघतो. कोण किती वेळ पडद्यावर होतं, कुणाच्या वाट्याला किती भाग आले. ही मोजणी इथे फसवते. र्‍युजी जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे, तरी पहिल्या दहा-बारा भागांत तो फारसा बदलत नाही. तो पडद्यावर असतो तो बहुतेकदा कुणाची तरी सोय बघायला.

वहीत चार रकाने आखा. भाग कितवा. या भागात कुणाला काय हवं होतं. शेवटचा निर्णय कुणी घेतला. त्याची किंमत कुणी मोजली. एका भागाला तीन-चार ओळी पुरेत. दृश्यांचं वर्णन लिहीत बसलात तर पाचव्या भागाला कंटाळून वही बंद कराल.

‘हवं’ आणि ‘गरज’ यांची गल्लत होऊ देऊ नका. ताइगाला र्‍युजीचा मित्र कितामुरा हवा आहे, र्‍युजीला ताइगाची जिवलग मैत्रीण मिनोरी हवी आहे. हे दोघं स्वतःच पहिल्या-दुसऱ्या भागात सांगतात आणि एकमेकांना मदत करायचा करार करतात. गरज मात्र दोघांनाही ठाऊक नाही. ताइगाला असं कुणी हवंय जे तिला टाकून जाणार नाही. र्‍युजीला कुणाची तरी गरज बनून राहायचं व्यसन आहे. हे दुसरं वाक्य पहिल्या वेळी तुमच्या वहीत उतरणार नाही. त्यासाठी रकान्यात जागा सोडून ठेवा, तेराव्या भागानंतर ती आपसूक भरेल.

पायरी २: कान जपानीकडे ठेवा

सबटायटल वाचा, पण आवाज मूळचाच ठेवा. ताइगाचा आवाज रिए कुगिमिया यांचा आहे, र्‍युजीचा जुंजी माजिमा यांचा. ताइगा त्याला सुरुवातीला काय हाक मारते ते ऐका: ‘इनू’, म्हणजे कुत्रा. ती मालकीण, तो पाळीव. पुढे ती त्याला नावानं हाक मारते, आणि कोणत्या क्षणी नाव येतं व कोणत्या क्षणी ती पुन्हा कुत्र्यावर घसरते, हे तिच्या मनाचं तापमान आहे. भाषांतरात ही हाक बऱ्याचदा सपाट होते. मी वहीच्या समासात ‘ना’ आणि ‘कु’ अशा खुणा केल्या होत्या. संबंध मालिकेचा आलेख त्या दोन अक्षरांत दिसतो.

र्‍युजीची आई यासुको त्याला ‘र्‍यू-चान’ म्हणते. ती रात्री बारमध्ये कामाला जाते, सकाळी दमून झोपते आणि घर मुलगा चालवतो. वडील गुंडगिरीतले, आता नाहीतच. त्यांच्याकडून त्याच्याकडे आले ते फक्त भेदक डोळे, ज्यामुळे वर्गातली मुलं त्याला घाबरतात. शेजारी टोलेजंग इमारत उभी राहिल्यामुळे त्याच्या घरात ऊन येत नाही, बुरशी धरते आणि ती खरवडायला त्यानं स्वतः एक काडी बनवली आहे. शेजारच्या त्याच इमारतीत ताइगा राहते, एकटी. तिच्या खोलीची खिडकी त्याच्या खिडकीसमोर. तिचं घर मोठं, महागडं आणि आत तुंबलेल्या भांड्यांचा वास. त्याचं घर लहान, ओलसर आणि लखलखीत. नुसत्या दोन घरांवरून दोन माणसं उभी केली आहेत. हे बघायला एक भाग थांबवावा लागला तरी थांबवा.

पायरी ३: सहा थांबे

सगळे भाग सारख्या बारकाईनं बघायची गरज नाही. वही भरून झाली की सहा ठिकाणी परत जा: भाग २, १३, १६, १९, २१ आणि शेवटचे दोन मिळून एक.

दुसऱ्या भागात रात्री रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला दोघं मिळून लाथा घालतात. आपल्याला कुणी समजून घेत नाही याचा राग दोघांचा सारखाच आहे, एकीचा बाहेर पडलेला, दुसऱ्याचा आत दाबलेला. र्‍युजी मोकळेपणानं चिडलेला दिसतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक, त्यामुळे नोंद करा. भागाच्या शेवटी तो तिला सांगतो की वाघाच्या बरोबरीनं उभा राहतो तो ड्रॅगनच, म्हणून मी ड्रॅगन होऊन तुझ्या शेजारी राहीन. ऐकायला हे बरोबरीचं वचन आहे. वागण्यात मात्र पुढचे कित्येक भाग तो शेजारी उभा राहत नाही, तिच्या खाली हात धरून उभा असतो. मालिकेनं वचन आधी दिलं आणि ते पाळायला तेवीस भाग घेतले.

भाग १३ हा माझ्या मते कणा आहे, म्हणून इथे रेंगाळू या. शाळेचा सांस्कृतिक महोत्सव. ताइगाला दूर लोटणारा तिचा बाप परत आलाय, म्हणतो आता एकत्र राहू. ताइगाला विश्वास ठेवायचा नाही. र्‍युजी तिला भरीस पाडतो: एक संधी दे, बाप आहे तुझा. मिनोरी विरोध करते, कारण या माणसानं पूर्वीही असंच केलेलं तिनं जवळून बघितलंय. र्‍युजी तिच्यावर चिडतो. महोत्सवाच्या दिवशी बाप येत नाही, येतो तो फक्त एक निरोप. स्पर्धेच्या मंचावर ताइगा एकटी उभी राहते, मान ताठ ठेवून.

आता चार रकाने भरा. हवं कुणाला होतं? ताइगाला नाही. बाप हवा होता र्‍युजीला, ज्याला स्वतःचा बाप कधी मिळाला नाही. निर्णय कुणी लादला? र्‍युजीनं, तिच्या भल्यासाठी. किंमत कुणी मोजली? ताइगानं. पहिल्या भागापासून जो हात तिला भरवत होता, त्याच हातानं तिला ढकललं, आणि तेही मायेनं. हे र्‍युजीला समजतं तेव्हा तो धावत सुटतो. मैदानातल्या शर्यतीत तो आणि मिनोरी दोघंही जीव तोडून पळतात, कारण जिंकणाऱ्याला मंचावर तिच्यापर्यंत जाता येणार आहे. ती शर्यत प्रायश्चित्त म्हणून बघा, थरार म्हणून नाही.

एक तंत्र इथून उचलण्यासारखं आहे. नायिकेचं दुःख दाखवायला निघालेल्या प्रसंगातच नायकाचा दोष उघडा पडतो. दोघांसाठी वेगळे भाग काढावे लागत नाहीत. एकच घाव, दोन्हीकडे रक्त.

सोळावा भाग उलट दिशेचा. विद्यार्थी संघाची अध्यक्ष सुमिरे हिच्यावर कितामुराचं प्रेम आहे, आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारल्यावर ती उत्तर टाळते. ताइगा तलवार घेऊन थेट तिच्या वर्गात घुसते आणि मारामारी होते. शाळा तिला निलंबित करते. वागणं चूकच आहे, पण रकाने बघा: दुसऱ्यासाठी, स्वतःच्या निर्णयानं, स्वतःच्या खिशातून किंमत. र्‍युजीनं तिला इथे काहीही करून दिलेलं नाही. पहिल्यांदाच.

एकोणिसावा भाग नाताळच्या आदल्या रात्रीचा. ताइगा सांताक्लॉजवर मनापासून विश्वास ठेवते, कारण चांगल्या मुलांकडे कुणीतरी लक्ष ठेवून असतं हे तिला खरं हवंय. र्‍युजी आणि मिनोरीची भेट घडावी म्हणून ती पार्टीतून एकटी घरी जाते. आणि तिथे अस्वलाच्या वेशात सांता होऊन र्‍युजी उगवतो. घामाघूम झालेला, ते मोठं डोकं घालून. ती हसते, थोडं नाचते, आणि मग त्याला मिनोरीकडे पिटाळते.

इथे दृश्य थांबवून बघा, दिग्दर्शकानं कॅमेरा कुणापाशी ठेवलाय. र्‍युजी निघून जातो आणि आपण त्याच्या मागे जात नाही. आपण ताइगाजवळ थांबतो. रिकामं घर. तिला डोळ्यांतलं पाणी आधी जाणवतं, कारण मागाहून कळतं. ती तशीच बाहेर रस्त्यावर धावते, त्याच्या नावानं हाका मारते. तो केव्हाच गेलेला असतो. मिनोरी मात्र ते बघते. समासातली खूण बघा: ‘ना’. कुत्रा नाही, नाव. एवढा वेळ आपण बहुतेक र्‍युजीच्या खांद्यावरून जग बघत होतो. मालिकेतल्या सर्वांत मोठ्या क्षणी त्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक होते. दृष्टिकोन हलवणं हा तोल साधायचा सगळ्यात प्रभावी मार्ग आहे, पण तो फार वेळा वापरला की धार जाते. इथे तो राखून ठेवला होता.

एकविसावा भाग सहलीतला. बर्फात पडलेल्या ताइगाला र्‍युजी पाठीवर घेऊन येतो. अर्धवट शुद्धीत तिला वाटतं की हा कितामुरा आहे, आणि ती सांगून टाकते की र्‍युजीवरचं प्रेम जातच नाही. आता गुपित र्‍युजीकडे आलं. आणि तो काय करतो? तिला सोडवणारा मी नव्हतो, कितामुरा होता, असं भासवतो. पुन्हा तीच सवय, दुसऱ्याचं मन सांभाळायला स्वतःला पुसून टाकायचं. दोष अजून शिल्लक आहे याची ही पावती.

पायरी ४: बाकीच्यांना आरसे समजा

आमी कावाशिमा पाचव्या भागात येते. मॉडेल, गोड बोलणारी, आतून कडवट. तिला फक्त प्रेमाच्या चौकोनातला चौथा कोन समजलात तर तिचं काम निसटेल. र्‍युजीला ती तोंडावर सांगते की तुमचं जे चाललंय तो बालिश भातुकलीचा खेळ आहे: तू बाप, मिनोरी आई, ताइगा लेकरू, आणि हा खेळ आता थांबवा. संपूर्ण मालिकेचं निदान एका दुय्यम पात्राच्या तोंडी दिलंय. असं वाक्य सापडलं की त्याखाली दोन रेघा मारा.

मिनोरीकडे बघताना वस्तूंवर लक्ष ठेवा. नाताळच्या झाडावरचा काचेचा तारा तिच्या सॉफ्टबॉलच्या चेंडूनं फुटतो. ती आणि र्‍युजी तुकडे गोळा करून तो चिकटवतात. चिकटलेला तारा उजळतो, पण सांधे दिसतात. पुढे त्यांचं दोघांचं काय होणार ते तिथेच सांगून झालंय.

यासुको हा तिसरा आरसा, आणि प्रेक्षकांकडून सगळ्यात जास्त दुर्लक्षित. लेकानं शिकावं म्हणून ती जास्तीचं काम घेते आणि कोसळते. दुसऱ्यासाठी झिजणं हा गुण घरात कुठून आला ते इथे कळतं. त्यामुळे चोविसाव्या भागात र्‍युजी आईशी तोंडावर भांडतो, तेव्हा तो स्वतःच्याच सवयीशी भांडत असतो.

पायरी ५: शेवटाचा हिशेब

शेवटाबद्दल तक्रार फार ऐकू येते. सगळं जुळलं असताना ताइगा निघून का गेली? वही उघडा, उत्तर रकान्यांत आहे.

चोविसाव्या भागात ताइगाची आई तिला न्यायला येते. दोघं पळून जातात. पुलावर र्‍युजी तिला लग्नाचं विचारतो, नदीत पडणं होतं, कडाक्याच्या थंडीत भिजलेले दोघं हसतात. र्‍युजीनं स्वतःसाठी काही मागितल्याची, तेही हट्टानं मागितल्याची, ही पहिली नोंद. इतकी वर्षं शहाण्यासारखं वागलेला मुलगा चूक करतो आणि त्यातून मोकळा होतो. मित्र साथ देतात, आमी तर आपल्या कुटुंबाच्या बंगल्याची चावी हातात ठेवते.

पंचविसाव्या भागात ते पळत राहत नाहीत, र्‍युजीच्या आजी-आजोबांकडे जातात. तरुणपणी घर सोडून गेलेली यासुकोही तिथे येते, तिची आणि आई-वडिलांची भेट होते. एक तुटलेलं घर सांधलेलं ताइगा डोळ्यांनी बघते. आणि म्हणून ती एकटी आपल्या आईकडे परत जाते, र्‍युजीचा निरोपही न घेता. तो चिडतो, मग समजून घेतो. शाळेच्या निरोपाच्या दिवशी ती परत येते.

आता शेवटची ओळ लिहा. निर्णय: ताइगा. किंमत: दोघं, सारखी. पहिल्या भागात जिला भात कुणीतरी करून द्यावा लागला ती आता स्वतःचं सगळ्यात अवघड काम कुणाला सोबत न घेता उरकायला गेली. आणि ज्याला सतत काहीतरी करून द्यायचं होतं, त्याला करण्यासारखं काहीच उरलं नाही. त्यानं फक्त वाट बघायची आहे. ताइगा थांबली असती तर तिची वाढ अर्धवट राहिली असती, आणि र्‍युजीची तर झालीच नसती. पुलावरच गोष्ट संपवली असती तर आनंद मिळाला असता, तोल मिळाला नसता. मी या शेवटाच्या बाजूनं ठाम उभा आहे.

पायरी ६: तीच वही दुसऱ्या मालिकेला

पद्धत पक्की झाली का ते बघायला अगदी वेगळी मालिका घ्या. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’चे ६४ भाग आहेत आणि नायक एडवर्डची बालमैत्रीण विन्री त्यातल्या थोड्याच भागांत आहे. मिनिटं मोजली तर ती हरते. पण तिच्या हातात स्वतःचं कसब आहे, ती यांत्रिक हातपाय बनवते. आई-वडिलांना मारणाऱ्या स्कारवर ती पिस्तूल रोखते, पण तिच्यानं ते चालववत नाही. एडवर्ड तिच्या हातातून ते काढून घेतो आणि सांगतो की हे हात जीव वाचवणारे आहेत. किंमत तिची, न मारण्याचा भार तिचा. थोड्या वेळात पूर्ण माणूस उभा राहिलाय.

मग ‘युअर लाय इन एप्रिल’, २२ भाग. तिथे निर्णयाचा रकाना विचित्र भरेल, कारण नायिका काओरीचे जवळजवळ सगळे निर्णय आपल्यापासून लपवलेले आहेत आणि शेवटच्या पत्रात एकदम उघडतात. ते पत्र वाचून मागे जाऊन वही दुरुस्त करावी लागते. मला तिथला तोल ‘तोरादोरा’इतका पटत नाही, नायिकेला आपला आवाज इतक्या उशिरा मिळू नये असं वाटतं. तुमची वही वेगळं सांगू शकेल.

एक सावधगिरी सगळीकडे लागू. ताइगाला ‘त्सुंदेरे’ म्हणून मोकळं होऊ नका. वरून काटे आणि आतून मऊ, हे शिक्का मारायला सोपं आहे. पण हा शब्द वहीत लिहिला की बघणं थांबतं, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी दर वेळी लिहा की या क्षणी ती कशाला घाबरली आहे. मारामारीच्या प्रसंगात, अस्वल निघून गेल्यावर, पुलावर, प्रत्येक ठिकाणी भीती वेगळी आहे, आणि तिचा प्रवास त्या भीतींच्या क्रमात आहे. र्‍युजीच्या बाबतीत उलटा प्रश्न लिहा: या क्षणी तो कुणाच्या कामी येतोय, आणि त्यामुळे स्वतःचं काय टाळतोय.

सगळं संपलं की दुसऱ्या भागाची शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावा. वाघ, ड्रॅगन आणि शेजारी उभं राहण्याचं वचन. या वेळी र्‍युजीकडे बघू नका, ताइगाच्या चेहऱ्याकडे बघा.